स्टेशन समोरच आहे

८ फेब्रुवारी

ती. ताई,
नमस्कार.

फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. तुम्ही ‘कशी आहेस’ विचारता, मी ‘बरी आहे’ म्हणते, आणि मग दोघी गप्प. म्हणून आज कागद घेऊन बसले.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे तुम्हाला येता आलं नाही. तुमच्या भावाचं नेमकं काय झालं हे तुमच्या कानावर तुकड्यातुकड्यांनीच आलं असणार. आमच्या खिडकीतून स्टेशन दिसतं, ते तुम्ही पाहिलंय. मध्ये फक्त तो मोठा रस्ता. पूर्वी स्टेशनच्या दारासमोर सिग्नल होता, पांढरे पट्टे होते, आणि दुभाजकात सायकल ढकलत नेता येईल एवढी मोकळी जागा होती. काही वर्षांमागे सिग्नल काढून टाकला, ती जागा लोखंडी गज लावून बंद केली, आणि पार तिकडे पेट्रोल पंपापाशी माणसांसाठी पूल बांधला. पुलाला नुसत्या पायऱ्या. सायकल अलीकडेच ठेवावी तर जागा नाही. एक ठेवली होती, ती चोरीला गेली. शेवटी लोकांनीच दोन गज वाकवले आणि तिथून ये-जा सुरू केली. पहाटेच्या पाळीचे सगळेच तिथून जायचे. पहाटेची रेल्वेगाडी चुकली की हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली पाळी चुकायची, म्हणून तुमचा भाऊही.

त्या दिवशी धुकं होतं. सायकलचं पुढचं चाक पलीकडे गेलं आणि पेडल गजात अडकलं. ते सोडवत होता. मोटार दुभाजकाला लागूनच आली.

पोलिसांनी ‘मयताच्या स्वतःच्या चुकीमुळे’ असं लिहिलं. भेटायला येणाऱ्यांचंही तेच, की पूल होता ना. भावोजीसुद्धा आमच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘पुलावरून जायला हवं होतं त्यानं.’ मी राग धरलेला नाही, त्यांचं बोलणंच तसं मोजूनमापून असतं. पण ताई, एवढं शिस्तीचं माणूस, शर्टाची घडी मोडलेली चालायची नाही, आणि जाताना त्याच्या नावावर बेशिस्त चिकटली, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी कामावर जायला लागलेय. कवळ्या करायच्या, घासायच्या, डब्यांत भरायच्या. आमचे डॉक्टर म्हणतात, लोकांच्या तोंडात बसेल ते करा, लोकांच्या तोंडी लागू नका. पण आता मी तोंडी लागायचं ठरवलंय. दुभाजक उघडा, सिग्नल परत लावा, स्टेशनपर्यंत फुटपाथ करा आणि सायकली ठेवायला जागा द्या, असा अर्ज आम्ही वस्तीतल्या लोकांनी केलाय. भावोजी रस्तेखात्यात एवढे मोठे इंजिनिअर होते. एकदा नजरेखालून घालतील का? अर्ज सोबत पाठवतेय.

तुमची,
वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग उशीखाली ठेवलं. पेडल अडकल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं की तो घाईत धावत सुटला असेल. लहानपणी जिना उतरतानासुद्धा कठडा धरायचा आमचा धाकटा. मी त्याला भित्रा म्हणून चिडवायची.

तुझ्या भावोजींना अर्ज दिला. संध्याकाळभर घेऊन बसले होते. मग भाषा नीट करून दिली, ती सोबत आहे. त्यांचं म्हणणं असं की दुभाजक उघडा ही मागणी काढून टाक. एकदा बंद केलेला दुभाजक खातं उघडत नाही. त्याऐवजी पुलाला लिफ्ट मागा, ती मिळेल. मी म्हटलं, लिफ्ट बंद पडली तर? तर म्हणाले, तो पुढचा प्रश्न.

त्यांनाही खूप लागलंय ग. जेवताना मध्येच थांबतात. रात्री माझ्या गुडघ्यामुळे मला जाग येते, तर हे टक्क जागे. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. धाकट्यावर त्यांचा जीव होता, दाखवत नसत एवढंच.

लेकीला जप. ती फोनवर फार शहाण्यासारखं बोलते, त्याचीच मला भीती वाटते.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताई,
नमस्कार.

भावोजींनी भाषा सुंदर केलीय, पण मागणी मी काढली नाही. रागावू नका म्हणावं. लिफ्ट मिळाली तरी त्या पुलापर्यंत चालत जायचं कुठून? फुटपाथ औषधाच्या दुकानाशी संपतो. पुढे गाड्या उभ्या, उघडी गटारं, आणि म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या खालच्या मजल्यावरची नर्स बाळाची ढकलगाडी घेऊन रोज पाळणाघरात जाते. ती म्हणते, स्टेशन समोरच आहे म्हणून इथे घर घेतलं, आणि आता स्टेशनात जायला रिक्षा करते. तिच्या बोलण्यावर सगळे हसले.

काल आम्ही कचेरीत गेलो होतो. एका तरुण बाईंची नेमणूक नवीनच झालेली दिसली. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या की सिग्नलमुळे गाड्या थांबत होत्या, हा रस्ता कुठेही न थांबता जाणारा करायचा असं वरून ठरलं, आणि त्यात आमची जागा गेली. तेव्हा इथल्या लोकांनी हरकत घेतली होती म्हणे. तरी साहेबांनी बंद केलीच. कुठल्या साहेबांनी, ते त्यांनी सांगितलं नाही. नवीन माणूस, कशाला कुणाच्या वाकड्यात शिरेल?

ताई, मला त्या माणसाला काही करायचं नाही. फक्त त्याच्यासमोर बसायचंय. त्या पुलावरून तो स्वतः कधी गेलाय का, एवढं विचारायचंय. भावोजींच्या ओळखी आहेत. त्यांना विचाराल का, कोण होता तो?

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

ती. ताई,
नमस्कार.

तुमचं पत्र नाही. फोन केला तर भावोजींनी उचलला, ‘ती झोपलीय’ म्हणाले आणि ठेवून दिला. तुमची तब्येत बरी आहे ना? मी काही जास्त बोलून गेले असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला.

लेक होस्टेलवर राहायला गेली. कॉलेज लांब पडतं हे कारण सांगितलंय. खरं कारण मला ठाऊक आहे. त्या गजांसमोरून रोज जाणं तिला जमत नव्हतं. गॅलरीत बसून अभ्यास करायची, ते बंद केलं. मग त्या बाजूच्या खिडकीचा पडदाही कायमचा ओढला. घरात आता माझ्याच पावलांचा आवाज येतो.

अर्जावर १४ मे ला सुनावणी ठेवलीय. कुणीही येऊन बोलू शकतं.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

तब्येत बरी आहे. माझ्या हातून लिहून होत नव्हतं.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा तुझे भावोजी गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. मी तिथेच उभ्यानं वाचून दाखवलं आणि तू विचारलंस ते विचारलं. त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणाले, ‘ती जागा मी बंद केली.’

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं झाडांचं काहीतरी बोलताहेत.

वहिनी, निवृत्त व्हायच्या आधीचं त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे तो लांबलचक रस्ता, आणि त्यात तुमच्या दारातला तुकडाही होता हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचा सत्कार झाला होता. त्यानंतर आम्ही तुमच्याकडे गाडीनं आलो होतो. जेवताना हे कौतुकानं सांगत होते की आता कुठेही थांबावं लागत नाही. आणि धाकटा हसून म्हणाला होता, ‘तुम्हाला नाही लागत.’ मला ती थट्टा वाटली. सगळ्यांनाच वाटली. त्याला माहीत होतं ग. त्यानं तुलासुद्धा सांगितलेलं दिसत नाही. मला वाईट वाटू नये म्हणूनच असणार.

हे तुला कळवायचं की नाही यात एक महिना गेला. लपवलं असतं तर तुला कुठून तरी कळलंच असतं, आणि मग मीही गेले असते तुझ्या हातची. आता माझ्या घरात काय चाललंय विचारू नकोस. मी स्वयंपाक करते, ते जेवतात. भाऊ माझा होता आणि नवराही माझाच आहे. कुणाच्या बाजूनं रडावं हेच मला कळेनासं झालंय.

तू रागावलीस तर तो तुझा हक्क आहे. फक्त मला अगदी टाकू नकोस.

ताई


२६ एप्रिल

वहिनी यांस,
नमस्कार.

हिच्या पत्राला तुमचं उत्तर आलेलं नाही. येणार नाही असं धरून मी हे लिहीत आहे. हिला न सांगता लिहीत आहे.

कारणं सांगत बसत नाही. तेव्हा ती मला बरोबर वाटली होती. हरकती आल्या होत्या, त्याही मी वाचल्या होत्या. माणसं चार पावलं चालायचा कंटाळा करतात, सवय होईल, असं माझं मत पडलं. तुम्ही विचारलंत की तो माणूस त्या पुलावरून कधी गेलाय का. नाही. उद्घाटनाच्या दिवशी खालीच उभा होतो.

तुमच्या दारात मी जे बोललो, त्याविषयी. ही समजते की मला तेव्हा जागेचा पत्ता नव्हता आणि अर्ज वाचल्यावर उलगडा झाला. तसं नाही. रिक्षातून उतरलो, रस्त्याच्या मधोमध ते वाकवलेले गज दिसले, आणि मला समजलं. मी वर आलो आणि ते वाक्य बोललो. चूक त्याची ठरली तर माझी राहत नव्हती.

याहून जास्त लिहिता येत नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

आपला,
भावोजी


३ मे

भावोजी,

पत्र पोचलं.

माफ करणं कसं असतं ते मला समजत नाही, आणि तुम्ही मागितलेलीही नाही, ते बरं केलंत. पण हे मला एकटीला कागदावर सांगून काय उपयोग? माझा नवरा बेशिस्त नव्हता हे मला आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. सुनावणी १४ तारखेला आहे. या, आणि तिथे बोला.

ताईंवर मी रागावलेली नाही. त्यांना सांगा.

वहिनी


२० मे

ती. ताई,
नमस्कार.

भावोजी घरी पोचल्यावर त्यांनी तुम्हाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून लिहिते.

सुनावणी कचेरीच्या वरच्या हॉलमध्ये होती. पंखे घरघर करत होते, माईक मधूनमधून बंद पडत होता. समोर टेबलाशी अधिकारी आणि अलीकडे आम्ही. रोज गाडीनं जाणारेही बरेच आले होते. त्यांच्यातला एक म्हणाला की मूठभर लोकांसाठी हजारोंना का थांबवायचं. एकानं तर सरळ म्हटलं की ज्यांना नियम पाळायचे नाहीत ते मरणारच. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. तो माझ्याकडे बघून बोलला नाही, पण त्याला माहीत होतं.

भावोजी मागे दाराशी उभे होते. अधिकाऱ्यांनी त्यांना ओळखलं. लगबगीनं उठून ‘साहेब, इकडे या’ म्हणत पुढच्या खुर्चीवर बोलावलं. ते गेले नाहीत. आमच्या रांगेत आले, नर्सनं सरकून जागा दिली. त्यांचा नंबर आला तेव्हा उठले. आवाज अगदी कोरडा होता. म्हणाले, ‘ती जागा मी बंद केली. माझा मेहुणा तिथेच गेला. चूक त्याची नव्हती, रस्त्याची होती, आणि रस्ता माझा होता.’ मग खाली बसले. मघाचा तो माणूस छताकडे बघत राहिला. अधिकारी पुष्कळ वेळ काही लिहीतच होते.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. बरं झालं.

मग त्यांना गाडीला पोचवायला निघाले. पुलाशी गेलो. त्यांनी चढायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबून छातीवर हात धरला. तुम्ही त्यांच्या दम्याचं मला म्हणाला होतात. तोंड पांढरंफटक पडलेलं. थोडं बसू दिलं, पाणी पाजलं. त्यांनी पुन्हा वर बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, उतरा खाली. मागे चालत आलो आणि त्या वाकवलेल्या गजांसमोर रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, लोक उभे राहतात तसे. ‘इथून?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘सगळे इथूनच जातात, भावोजी. हात द्या.’

गाड्या थांबतच नव्हत्या. एक फट मिळाली तशी त्यांना ओढतच मधपर्यंत नेलं, आणि त्या गजांतून आधी मी आडवी होऊन निघाले, मग ते. त्यांचा सदरा अडकला. मागून हॉर्न वाजत होते. मी तो सोडवत होते, आणि ताई, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्याला तिथे किती वेळ मिळाला असेल. काहीच नाही.

पलीकडे पोचल्यावर ते स्टेशनच्या भिंतीला टेकून उभे राहिले. गाडी लागली तरी हलेनात. मीच डब्यात बसवून दिलं.

मी त्यांना माफ केलं असं समजू नका. पण त्यांना तिथे एकटं सोडून परत फिरावंसं वाटलं नाही, एवढं खरं.

तुमची,
वहिनी


११ ऑगस्ट

प्रिय वहिनी,
आशीर्वाद.

उशीर झाला. इथलं काय सांगू?

ते आल्यापासून खात्यातल्या जुन्या मंडळींनी येणं टाकलंय. एकानं तर फोन करून सुनावलं की तुम्ही सगळ्यांची अब्रू चव्हाट्यावर आणलीत. यांनी नुसतं ऐकून घेतलं. गाडी विकून टाकली. आता सगळीकडे पायी जातात, म्हणजे जायचे. परवा भाजी आणायला गेले ते परत येईनात. माझ्या जिवाला घोर. शेवटी भाजीवालीच हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, आजोबा केव्हाचे रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभे होते, पुढे पाऊलच टाकत नव्हते. आता कोपऱ्यापर्यंत जातात आणि तिथूनच वळतात.

मी त्यांच्याशी बोलते हल्ली. सुरुवात औषधांपासून झाली. तुला वाईट वाटेल का? मला कधीकधी वाटतं, धाकट्याला वाटेल.

तिकडे काही हालचाल?

तुझी,
ताई


१९ डिसेंबर

ती. ताई,
नमस्कार.

दुभाजक उघडला. नारळ नाही, फीत नाही, एका सकाळी मशीन आलं आणि त्यांनी गज कापून नेले. आता सिग्नल आहे, पट्टे आहेत, आणि दोन्ही बाजूंना कडा उतरत्या केल्यात. नर्स ढकलगाडी घेऊन सरळ जाते. सायकलीही जातात. फुटपाथ मात्र औषधाच्या दुकानाच्या पुढे सरकलेला नाही, आणि सायकलींची जागा अजून मंजूर व्हायची आहे. कचेरीतल्या त्या बाईंची बदली झाली.

पोलिसांकडे गेले होते. केस बंद झालीय, म्हणे, लिहिलेलं बदलता येत नाही. तेव्हा ते वाक्य तसंच राहणार.

लेक एकदा येऊन गेली. मी सिग्नलपाशी उभी राहून वाट बघत होते, आणि ती पुलावरून आली. रात्र राहिली, सकाळी पुलावरूनच गेली.

मला स्वतःला पलीकडे जायचं जमलेलं नाही. काही ना काही निमित्त काढते. काल कवळ्यांचे डबे एका दवाखान्यात पोचवायचे होते म्हणून टॅक्सी केली, आणि ती नेमकी तिथे लाल दिव्याला थांबली. समोरून माणसं चालली होती. कामावरून सुटलेली, दमलेली, कुणी मोबाइलमध्ये बघत, एक म्हातारी काठी टेकत मधोमध पोचलेली. टॅक्सीवाला वैतागला होता. म्हणाला, ‘चांगला सरळ रस्ता होता बाई, कुणाच्या डोक्यातून निघालं हे?’

मी म्हटलं, ‘आमच्या घरातल्या माणसांनी केलंय.’

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. म्हातारी पलीकडे पोचेपर्यंत आम्ही थांबलो.

हे भावोजींना सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
वहिनी